शेंगदाण्यावर तापवलेलं पाणी

मी हे सांगणार नव्हतो. पण हातपंपावरच्या बायका रोज सांगतात आणि रोज एक टोपली वाढवतात. टोपली एकच होती. लिहून घ्या.

देड्झाच्या डोंगरावरची जूनची थंडी; आमच्याकडे हिवाळा जूनमध्येच. भाचीच्या लग्नाची बोलणी. मामा मी, म्हणजे बोलणी करणारं तोंड माझं. आदल्या दिवशी आमच्या मंडळींनी, नाम्वालेनं, भोपळ्याच्या पाल्याची भाजी केली. मी म्हणालो, चिखल बरा. सकाळी आंघोळीचं पाणी नाही.

“अगं, पाणी?”

“डुकराला कशाला गरम पाणी?”

सरपण तिनं बहिणीकडे टाकलेलं. मी लाकडं गोळा करायला निघालो असतो, तर बायको पळाली म्हणून गाव सांत्वनाला आलं असतं. आणि तिच्यापुढे नमणार? मी?

तेवढ्यात आठवलं. मास्तरानं पालकसभेत सुईला शेंगदाणा टोचून पेटवला होता आणि वर धरलेल्या डबीतलं पाणी कोमट केलं होतं. अन्नात आग कोंडलेली असते म्हणाला. एका दाण्याला डबी, तर टोपलीला हंडा. (चौथी नापास माणसाला एवढं येतं.)

कोठीतली सोललेल्या दाण्यांची टोपली घमेल्यात ओतली, मूठभर वाळक्या पाल्यानं पेटवली. काजळी माझ्या नाकात, धूर शेजारच्या घरात. पण पाणी तापलं! मान ताठ करून मी गवताच्या न्हाणीत शिरलो.

साबण लावतोय तोच बाहेर शेजारच्या पोरांची पावलं वाजली.

“आजोबा, वासावर आलो. वाट्या आणल्यात!”

“आंघोळ करतोय!”

“मग दाणे कोण वाटणार?”

मागोमाग नवऱ्यामुलाकडचे म्हातारेही तिथंच आले आणि कुडाबाहेर बसले. बोलणी इथंच दिसतात, म्हणाले. टॉवेल घरात राहिलेला.

“नाम्वाले, टॉवेल!”

“आधी टोपली कुठंय ते सांगा. पेरणीचं बियाणं होतं ते!”

अंगावरचा साबण वाळायला लागला.

“चुकलो.”

“आणि भाजी?”

“बरी होती.”

“ऐकू नाही आलं.”

“छान होती! फार छान होती!”

म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. बायकोचं ऐकणाऱ्या घराण्यातली मुलगी पसंत, म्हणाले. माझ्या वाटाघाटीची एवढीच कर्तबगारी.

बियाण्यासाठी मेहुणीपुढे हात पसरले, तेही झालं. आता पाणी रोज वेळेवर मिळतं, फक्त आधी भाजीचं कौतुक करावं लागतं, मोठ्यानं. पण डुक्कर मलाच म्हटलं होतं, आणि त्याची माफी अजून मागायचीय (हळू वाचा, पाणी चुलीवरच आहे) नाम्वालेनं.