धूर बगळ्याहून काळा नसावा

एका जंगलात, बालमित्रांनो, चक्क एक गिरणी होती. जंगलात गिरणी कशाला, असं विचारू नका. अस्वलशेठ तिथे घोंगड्या विणायचे आणि ज्यांच्या अंगावर आधीच केस आहेत त्यांनाच विकायचे.

एकदा गिरणीच्या धुराने सिंहमहाराजांना ऐन डरकाळीत खोकला आला. हरणं पळायची सोडून हसली. महाराज संतापले. लगेच कायदा झाला : धूर बगळ्याहून काळा नसावा. असला तर गिरणी बंद.

माप म्हणून धवलराव बगळ्यांची नेमणूक झाली. त्यांनी धुरांड्याच्या काठावर एका पायावर उभं राहायचं. तपासनीस कासवाने खालून एकदा धूर बघायचा, एकदा धवलराव.

कासव निघालं. ते पोचेतो आंब्याचा मोहोर गळून कैऱ्या लागल्या होत्या. धूर काळा होता. धवलरावही काळे होते. कासवाने शेरा दिला, नियमात आहे.

धवलरावांच्या घरी पिल्लाला धाप लागायची. छाती भात्यासारखी हलायची.

"अहो, आंघोळ करा," बगळी म्हणाली. "तुम्ही पांढरे झालात की गिरणी बंद."

सरकारी माप असं परस्पर धुता येत नाही, धवलरावांनी समजावलं.

"शेजारणी विचारतात, बगळा सोडून कावळा कधी केलास?"

हे मात्र लागलं. धवलराव तडक तळ्यात उतरले. ते पांढरे झाले, तळं काळं झालं. तसेच धुरांड्यावर जाऊन उभे राहिले. कासव अजून परतीला वळतच होतं. त्याने वर पाहिलं आणि गिरणी बंद पडली.

अस्वलशेठ दरबारात गेले. "महाराज, धूर काल होता तसाच आहे. बदललं ते माप. मापात खोट करणाऱ्याला आपल्या राज्यात काय करतात?"

महाराज विचारात पडले, मग खोकले. सगळा दरबार अदबीने खोकला.

धवलरावांची नोकरी गेली. शिवाय सार्वजनिक तळं घाण केल्याबद्दल ते धुऊन देण्याची शिक्षा झाली. त्यांच्या जागी कावळा आला. त्याला कितीही धुवा, माप बिघडत नाही.

गिरणी पुन्हा सुरू झाली. बगळीच्या पिल्लाला धाप अजून लागते. पण आता ती नियमात आहे.

तात्पर्य : हवा बिघडली तरी चालते, माप बिघडता कामा नये. म्हणून मुलांनो, आंघोळ टाळा.