ओनो आणि त्रेसष्टावं घर

मावसबहीण हिल्केनं ते भांडं गेशेच्या टेबलावर ठेवलं ते तान्हं बाळ ठेवावं तसं, दोन्ही हातांनी. वर ओलं फडकं, आत पांढरं घट्ट पीठ, आणि पिठात बुडबुडे.

"हे काय गं?"

"जिवंत आहे. रोज ढवळायचं. पाचव्या दिवशी दूध, साखर, मैदा. दहाव्या दिवशी परत तेच, आणि मग चार वाटे करायचे. एकाचा केक भाजायचा, एक आपल्याकडे ठेवायचा, आणि दोन वाटे आपल्या दोन आवडत्या माणसांना द्यायचे."

"आणि नको झालं तर? फेकून द्यायचं?"

"अगं, जीव आहे तो! कुणी फेकतं का?" असं म्हणून हिल्के एम्डेनची बस पकडायला गेलीसुद्धा.

गेशे एकाहत्तर वर्षांची. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. घरात बोलणारं म्हणजे भिंतीवरचं एक घड्याळ, तेही मागे पडणारं. आता हे पीठ बोलायला लागलं. 'बुळुक' म्हणायचं. गेशे विचारायची, "काय रे, भूक लागली?" दूध मिळालं की एवढा मोठा ढेकर द्यायचं, की मांजर उठून दुसऱ्या खोलीत जायचं. गावचा जुना सरपंच असाच होता, खायचा आणि फुगायचा. त्याचंच नाव तिनं पिठाला ठेवलं, ओनो.

दहाव्या दिवशी ओनोचे चार वाटे झाले आणि गेशे खिडकीशी जाऊन उभी राहिली. दोन आवडती माणसं. पहिलं नाव सुचायला काही वेळ लागला नाही. ते नाव समोरच राहत होतं, कालव्याच्या पलीकडे. फोल्के. सख्खी थोरली बहीण.

अकरा वर्षांपूर्वी हिवाळ्यात रस्त्यावर लाकडी गोळे लांब फेकायची शर्यत लागली होती. पंच होती गेशे. फोल्केचा शेवटचा गोळा घरंगळत घरंगळत गेला, एका खळग्यात बसला, आणि गेशेनं साऱ्या गावासमोर सांगितलं, "वीतभर कमी." सख्ख्या बहिणीला! त्या दिवसापासून फोल्के हिच्याशी बोलली नाही. आणि 'तिनं आधी यावं' म्हणून हीही गेली नाही. मधे कालवा केवढा, तर बारा पावलांचा. त्यावर लाकडी साकव. पण काही साकव लांबीनं छोटे असले तरी फार लांब असतात.

बहिणीची खबर गेशेला कळायची ती वाळत घातलेल्या कपड्यांवरून. गुडघ्याची पट्टी दोरीवर दिसली, की गुडघ्यानं परत डोकं वर काढलंय. झालर लावलेली उशीची खोळ दिसली, म्हणजे रविवार. एकदा आठवडाभर दोरी रिकामी होती तर हिच्या घशाखाली घास उतरला नव्हता. आठव्या दिवशी समोर मोज्यांची जोडी फडफडली तेव्हा कुठे बाई जेवली.

तर गेशे दोन वाटे घेऊन साकवापर्यंत गेली, बदकांना "काय, बरं आहे ना?" असं विचारलं, आणि मागे वळली. एक वाटा दुकानदार आयलर्टला दिला, एक गुरांच्या म्हाताऱ्या डॉक्टरला, त्यार्कोला. केक भाजला. एकटीनं खाल्ला. सहा दिवस पुरला.

आता हिशोब बघा. एका घरचं पीठ दहा दिवसांत तीन घरी. तीनाचं नऊ घरी, नवाचं सत्तावीस. गावात घरं किती? त्रेसष्ट. सुरुवातीला लोक कौतुकानं एकमेकांना विचारायचे, "तुमचा ओनो कसा आहे?" महिन्याभरानं विचारायचे, "तुमचा ओनो *अजून* आहे?"

आयलर्टच्या दुकानातली साखर संपली. पाठोपाठ मैदा संपला. दूध तर गाईनं दिलं की वासरानं बघायच्या आत संपायचं. आयलर्टनं फर्मान काढलं, माणशी साखरेचा एकच पुडा.

"माझ्याकडे पाच ओनो आहेत रे!" गेशे म्हणाली.

"गेशेकाकू, माझ्या बायकोनं तर अंघोळीचा टब भरलाय. मी महिनाभर नुसतं तोंड धुतोय. तुम्हीच हे लेकरू गावात आणलंत!"

चाळिसाव्या दिवशी गणितच मोडलं. वाटे झाले एक्याऐंशी आणि घरं त्रेसष्टच. आता त्या गावची एक रीत होती. मागच्या दाराला कडी म्हणून नाही. आपलं माणूस मागून येतं, हाक मारतं, बसतं. पुढचं दार उघडायचं ते लग्नाला आणि प्रेत न्यायला. त्यामुळे झालं काय, की बाई कपडे वाळत घालायला बाहेर गेली आणि परत आली, की टेबलावर नवं भांडं! कोण ठेवून गेलं, पत्ता नाही. पाद्रीबाबांना प्रार्थनेच्या पुस्तकांच्या कपाटात दोन सापडली. समुद्र बघायला आलेल्या पाहुण्यांच्या गाडीत लोकांनी सात ठेवली. बेटावर जाणाऱ्या बोटीतून एक खोकं पाठवलं, ते संध्याकाळच्या बोटीनं परत आलं, वर चिठ्ठी, 'आमच्याकडे जागा नाही,' आणि गेलं होतं त्यापेक्षा एक भांडं जास्त.

शेवटी तीनशे वर्षांत पहिल्यांदा गावानं मागच्या दारांना कड्या बसवल्या. रस्त्यानं कुणी झाकलेलं काही घेऊन निघालं, की खिडक्यांचे पडदे सटासट पडायचे. एक बिचारी आजारी जावेसाठी सूप घेऊन निघाली होती. तिला जावेनंच दार उघडलं नाही.

त्यार्कोनं मात्र मन घट्ट केलं आणि आपली चार भांडी कालव्यात ओतली. बदकांनी खाल्लं. मग ते पीठ बदकांच्या पोटात फुगलं. दोन दिवस एकाही बदकाला बुडी मारता आली नाही. नुसती फुग्यासारखी तरंगायची, वारा येईल तिकडे जायची, आणि डोळ्यांत असा काही अपमान की बघवेना. वारा होता पूर्वेचा. फेसासकट सगळी बदकं जाऊन लागली फोल्केच्या पायरीला.

दुसऱ्या दिवशी फोल्केच्या फाटकावर पाटी लागली. गेशेनं नवऱ्याची दुर्बीण काढली.

'इथे पीठ घेतलं जाणार नाही. कुणाचंही.'

गेशेनं पाटी चार वेळा वाचली. अक्षर तसंच, डावीकडे कललेलं. शाळेत असताना फोल्के हिच्या वह्यांवर नाव घालून द्यायची ते असंच. अकरा वर्षांत बहिणीच्या हातचं पहिलं काही वाचायला मिळालं होतं. चहा गार झाला तरी ती वाचत होती. शेवटचं 'कुणाचंही' आपल्यालाच उद्देशून आहे असं तिला वाटलं, आणि खरं सांगायचं तर वाईट कमी आणि बरं जास्त वाटलं.

पन्नासाव्या दिवशी सकाळी गेशेनं मागचं दार उघडलं तर ते अर्ध्यातच अडकलं. बाहेर एकोणीस भांडी. प्रत्येकावर चिठ्ठी. 'तुमचं तुम्हाला.' 'लेकरू आईकडे परत.' एकावर नुसतंच 'माफ करा.'

तिनं त्यार्कोला बोलावून घेतलं. तो भांड्यांमधून वाट काढत आला आणि टोपी काढून उभा राहिला, प्रेत बघावं तसा.

"त्यार्को, आता रे?"

"हे बघ गेशे, आयुष्यभर जनावरं बघितली. बांधावर ससे वाढतात ना, तेव्हा पण असंच होतं. मग गवत संपतं, नाहीतर बिळं संपतात, नाहीतर कोल्हा येतो. वाढणारं कायम वाढत नाही. कुठेतरी अडतं."

"साखर तर संपली."

"लोक मध घालतायत."

"कोल्हा?"

"पिठाला कसला कोल्हा! माणसंच खाणार, आणि माणसांना केक बघून ओकारी येतेय." त्यानं खिडकीतून समोर बोट केलं. "जागा संपलीच म्हण. बासष्ट घरं भरली. एकच रिकामं आहे."

"तिथे पाटी आहे."

"पाटीच आहे ना? बंदूक तर नाही?"

"ती मला दारातून हाकलेल."

"मग आत्ता तू कुठे तिच्या घरात बसलीयस?" त्यार्को म्हणाला आणि जाताना घाईघाईनं आपलं एक भांडं दाराशी विसरून गेला.

गेशेनं केस विंचरले. चांगला झगा घातला. मग इतका चांगला नको म्हणून बदलला. मग परत तोच घातला. सगळ्यांत लहान भांडं उचललं आणि दुपारी तीनला साकवावर पाय ठेवला. बारा पावलांत तीनदा ओनोवरचं फडकं सारखं केलं.

फाटकाशी येऊन अडली. मागच्या दारानं जावं, तर ते आपल्या माणसाचं दार. आपण आपलं माणूस आहोत का? अकरा वर्षांनी कुणाला विचारायचं? शेवटी ती पुढच्या दाराशी गेली आणि कडी वाजवली. आत धडपड ऐकू आली. दार कुणीतरी ओढलं. हललं नाही. परत ओढलं.

"फुगलंय ते!" आतून आवाज आला. अकरा वर्षांनी पहिला शब्द! "पुढून काय येतेस? मी मेलेय का? मागून ये!"

गेशे मागून गेली. फोल्के दारात, कमरेवर हात. केस सगळे पांढरे झालेले. दुर्बिणीतून इतके दिसले नव्हते.

"पाटी वाचता येत नाही?"

"आली की. चार वेळा वाचली."

"मग हातात काय?"

"ओनो."

"पीठ घरात येणार नाही."

"बरं." गेशे वळायला लागली.

"पीठ म्हटलं मी," फोल्के म्हणाली. "ते ठेव पायरीवर. आणि बूट काढ, फरशी पुसलीय."

टेबलावर चहा मांडलेला होता. खडीसाखरेचा खडा कपात, वर कढत चहा, खडा तडतडला. कडेनं साईचा एक थेंब सोडला, त्याचा ढग वर आला. दोघी त्या ढगाकडेच बघत बसल्या.

"गोळा वीतभर कमी नव्हता," पहिला कप संपल्यावर फोल्के म्हणाली.

"होता."

"नव्हता."

दुसरा कप. "चार बोटं असेल," गेशे म्हणाली.

"दोन."

तिसरा कप. "तीन."

"बरं, तीन," फोल्के म्हणाली आणि नाक शिंकरलं. "पण खळगा होता."

"खळगा होताच गं. खळगा मोठाच होता."

तीन कप तर त्या मुलखात वैऱ्यालाही पाजतात. त्यानंतर पाहुण्यानं आपला चमचा कपात उभा ठेवायचा, म्हणजे 'पुरे.' तोंडानं 'नको' म्हणणं म्हणजे घराचा अपमान. चमचा पडत नाही तोवर ओतणारीनं ओतत राहायचं. फोल्केनं चौथा ओतला. मग नवऱ्यांच्या गोष्टी निघाल्या, गुडघ्याच्या निघाल्या. पाचवा. "तो आठवडा दोरी रिकामी का होती गं?" "पडले होते जिन्यावरून. तुला काय माहीत?" गेशे खिडकीतून बाहेरच्या दोरीकडे बघू लागली. फोल्केनं डोळे पुसत सहावा ओतला.

आता गेशेला राहवेना. एकाहत्तर वर्षांच्या बाईच्या पोटात सहा कप म्हणजे काही खेळ नाही. तिनं चमच्यासाठी बशीकडे हात नेला. बशीत चमचा नव्हता. बशीखाली नव्हता, रुमालाखाली नव्हता. फोल्केच्या बशीत मात्र तिचा स्वतःचा चमचा नीट होता. आणि चमच्यांच्या खणाला पाठ लावून फोल्के अशी बसली होती, जशी बँकेच्या दाराशी पहारेकरी.

"फोल्के, माझा चमचा?"

"कशाला? साखर ढवळायची नसते, लहानपणापासून सांगतेय."

"ढवळायला नको गं..."

"मग पी."

किटलीतून सातवा कप भरायला लागला. गेशेनं टेबलाखाली पाय एकमेकांत घट्ट अडकवले आणि बशी पुढे सरकवली.