जस्ताचा नवाकोरा गोळा

एका जंगलात, बाळांनो, झाडं संपली की थेट समुद्रच लागायचा. त्या समुद्रात सिंहमहाराजांच्या आजोबांनी एक लोखंडी मचाण उभारलं होतं. समुद्राच्या पोटातलं तेल तिथून काढायचं आणि महाराजांच्या आयाळीला चोपडायचं, एवढंच त्याचं काम.

मचाणावर पंप चालवायला सुंदराक्का अस्वलीण राहायची. तिची दोन पिल्लंही तिथेच झोपायची. मचाण आता म्हातारं झालं होतं. खारं पाणी त्याचे पाय खात होतं. लाट आली की ते कुरकुरायचं आणि सुंदराक्का पिल्लांना घट्ट धरायची.

शेवटी तिने पाणमांजर मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्रींनी बुडी मारून प्रत्येक पायाला जस्ताचा एकेक गोळा जोडला.

"समुद्राला खायला काहीतरी लागतंच, अक्का," ते म्हणाले. "आता तो गोळा खाईल आणि पाय सोडेल. गोळा संपला की दुसरा लावू."

तसंच झालं. वर्षभरात गोळे झिजून आवळ्याएवढे झाले आणि पाय धड राहिले. सुंदराक्का गाढ झोपू लागली.

मग तपासणीला कोल्हेसाहेब आले. पाय जुनेच होते, म्हणून त्यांनी ते पाहिले नाहीत. गोळे नवे होते, ते मात्र निरखून पाहिले.

"नवा माल, आणि वर्षात ही दशा?"

"साहेब, तो झिजायलाच लावलाय," मिस्त्री म्हणाले.

"आमच्या खात्यात झिजायला कुणालाच लावत नाहीत, मिस्त्री. माझ्याकडेच बघा की."

मिस्त्रींना नोकरी प्यारी होती. त्यांनी पुन्हा नवे गोळे लावले आणि वरून ऑइलपेंटचे जाड हात दिले. आता समुद्राला गोळा चावेना. तो मुकाट्याने पायांकडे वळला.

मचाण पुन्हा कुरकुरू लागलं. सुंदराक्काने तक्रार केली. कोल्हेसाहेबांनी येऊन गोळे तपासले, तर त्यांवर ओरखडासुद्धा नव्हता. कुरकुर तुमच्या मनात आहे, असं त्यांनी तिला प्रेमाने समजावलं आणि गोळ्यांचा सत्कार ठरवला.

सत्काराला सगळं जंगल मचाणावर चढलं. एक गोळा वर आणून त्याला हार घातला. शेवटी आभार मानायला हत्ती उठला, आणि मचाणाचे पाय मोडले.

सुंदराक्काने पिल्लांना पाठीवर घेतलं आणि तेलाचं रिकामं पिंप धरलं. शेजारी कोल्हेसाहेब गोळा कवटाळून गटांगळ्या खात होते.

"साहेब, तो गोळा सोडा आणि पिंप धरा," ती म्हणाली.

"नको बाई, ओरखडा पडेल," साहेब म्हणाले आणि खाली गेले.

तो गोळा समुद्राच्या तळाशी अजून नवाकोरा आहे.

तात्पर्य : चंदनासारखं झिजावं, असं शाळेत सांगतात. बाळांनो, ते मनावर घेऊ नका. झिजणाऱ्याची चौकशी होते आणि न झिजणाऱ्याचा सत्कार. फक्त सत्काराला जाताना पोहता येत असावं.