अष्टमायाचा करुवा शेजारी जातो

नेपाळातलं तानसेन गाव सोडून जपानला निघताना अष्टमाया शाक्यनं निम्म्या बाजाराला बजावून सांगितलं होतं, "शेजार कसा राखावा हे मला कुणी शिकवायचं नाही! चाळीस वर्षं भांड्यांच्या दुकानात बसलेय. महिन्याभरात तिथली अख्खी गल्ली माझ्या मुठीत नसली तर नाव बदला!"

विमानात बाकीच्यांचं सामान डोक्यावरच्या कप्प्यात गेलं. हिचा करुवा मात्र मांडीवर! करुवा म्हणजे तोटीचा तांब्या, पण तांब्या म्हटलेलं तिला खपायचं नाही. सासूनं मरताना हातात दिलेला, चिंचेनं घासून घासून सोन्यासारखा झालेला. अष्टमाया पाणी प्यायची ते त्याच्याच तोटीतून, मान वर करून, धार सोडून. पेल्याला ओठ लावणारी माणसं तिच्या लेखी अर्धवटच.

फुकुओकाच्या कडेला मुलानं, रत्नमाननं, नुकतंच नवं घर भाड्यानं घेतलं होतं. तो हॉटेलात आचारी, सून सबिना डबे भरण्याच्या कारखान्यात. अष्टमाया पोचली त्याच दिवशी सबिना दहा टॉवेल घेऊन बसली होती, एकेकाला कागदात गुंडाळत.

"हे काय गं?"

"आमा, नव्या घरात राहायला आलं की शेजाऱ्यांना द्यायचे. इथली रीत आहे."

"टॉवेल? आपण काय त्यांना आंघोळी घालायला आलोय? शेजाऱ्याच्या दारात पहिल्यांदा जायचं ते खायचं घेऊन! ठेव ते कपाटात!" आणि कपाटाची किल्ली तिनं कमरेला खोचली.

दुसऱ्या दिवशी स्टीलच्या वाटीत मुळ्याचं अचार भरून सासू-सून शेजारी गेल्या. शेजारीण होरिउचीबाई. सत्तरी उलटलेली, एकटी, उदबत्तीसारखी सरळ. बाईंनी मान राखायला म्हणून दारातच एक फोड तोंडात टाकली. टाकली मात्र! कान लाल झाले, बाई कमरेतून वाकल्या, आणि वाकल्या त्या कितीतरी वेळ वर आल्याच नाहीत.

"बघ किती नम्र!" अष्टमाया कौतुकानं म्हणाली.

"आमा, त्यांना ठसका लागलाय."

सकाळी वाटी परत आली, आरशासारखी लखलखीत. सोबत काळ्या ताटलीत आठ बिस्किटं, प्रत्येक बिस्किटाला आपापला वेगळा कागद. अष्टमायानं बिस्किटांकडे बघितलंसुद्धा नाही. तिची नजर ताटलीवर.

"ही परत जायची ना? मग रिकामी कशी जाईल? शाक्यांच्या घरातून आजवर रिकामं भांडं बाहेर पडलेलं नाही!"

ताटलीतून सेल रोट्या गेल्या. तांदळाच्या पिठाची कडी तुपात तळलेली, एकेक बांगडीएवढी. आता होरिउचीबाईंची पंचाईत अशी, की जपानात आलेल्या भेटीची परतफेड न करणं म्हणजे नाक कापून घेणं. संध्याकाळी टोपलीत फळं आली. टोपलीतून भटमास, म्हणजे भाजलेले सोयाबीन, गेले. कागदी पिशवीतून चहा आला.

"आमा, ती पिशवी परत नाही करायची. टाकून द्यायची."

"कुठे टाकायची? कागद मंगळवारी, दोरी गुरुवारी, नि बंदाचा तो चकचकीत तुकडा महिन्यातून एकदा! इथं कचरा टाकण्यापेक्षा सेल तळणं सोपं!"

पिशवीसुद्धा भरून गेली! खोका गेला. खोक्याचं फडकं गेलं. तीन आठवड्यांत डब्यातलं तांदळाचं पीठ संपलं, तूप तळाला लागलं. रत्नमान कामावर निघताना म्हणाला, "आमा, माझा डबा?"

"शेजारी गेलाय."

"डबा म्हणजे… डबाच?"

"येईल की भरून! तू बिस्किटं खा."

आणि मग एके दिवशी खरबूज आलं. साधंसुधं नाही! लाकडी पेटीत, गवताच्या गादीवर, देठाला रेशमी फीत बांधून, नवरदेव घोड्यावर बसवावा तसं. सबिनानं कपाळाला हात लावला. "आमा, हे फार भारी झालं. याच्यापुढे आपण काय देणार?"

अष्टमायाच्या कपाळाची शीर उडायला लागली. गावाकडचं तूप राहिलं होतं, शेवटचं, तिच्या बहिणीनं बांधून दिलेलं. पण ते नेण्याजोगं घरात भांडंच नव्हतं. सगळी शेजारी! राहिला होता तो एकटा करुवा.

"आमा, करुवा नको."

"अगं, भांडं का कुणी ठेवून घेतं? उद्या सकाळी दारात!"

सकाळ झाली. करुवा नाही. दुसरी झाली, तिसरी झाली. अष्टमाया घोटभर पाणी पेल्यातून प्यायली आणि तिला उचकी लागली. चौथ्या दिवशी ती कपडे वाळत घालायच्या निमित्तानं गच्चीतून वाकली, आणि जे दिसलं त्यानं हातातली ओली चादर खाली गेली!

होरिउचीबाईंच्या दिवाणखान्यात, कोनाड्यात, देवासारखा करुवा बसलेला. त्याच्यात एक वाळकी काटकी खोचलेली. समोर गल्लीतल्या तीन बाया गुडघ्यावर बसून माना डोलावताहेत!

"सबिना! माझ्या सासूच्या करुव्यात मेलीनं सरपण घातलं!"

"आमा, ती फुलांची सजावट आहे. फार मान दिलाय त्यांनी. त्यांना वाटलं, भेट आहे."

"मग सांग जा, भेट नाही म्हणून!"

"दिलेली वस्तू परत मागायची? मग मला या गल्लीत तोंड लपवून फिरावं लागेल. तुम्हाला आवडेल?"

ते अष्टमायालाही आवडणार नव्हतं. मागितलं तर अब्रू गेली, नाही मागितलं तर करुवा गेला! दोन दिवस ती भिंतीकडे तोंड करून बसली. तिसऱ्या दिवशी उठली ती सेनापतीसारखी.

"ऐक. यापुढे आपण देणार ते वर्तमानपत्रात गुंडाळून. ती देणार ते भांड्यातून. तिची भांडी आपण परतच करायची नाहीत. कधी ना कधी तिच्या घरातली भांडी संपतील ना? मग झक मारत करुव्यातून पाठवेल!"

"पण आमा, शाक्यांच्या घरातून…"

"रिकामं बाहेर पडत नाही असं म्हटलंय मी. बाहेरच पडलं नाही तर प्रश्न कुठे येतो?"

युद्ध सुरू झालं! सबिना कारखान्यातून येताना पिठाची पोती ओढत आणायची, घरी येऊन तळायची. तिच्या केसांना तुपाचा वास, रत्नमानच्या पोटात फक्त बिस्किटं. सेलचं एक पुडकं गेलं की पलीकडून एक भांडं आलंच! सूपचे कटोरे आले. भाताचं पातेलं आलं. चहाची किटली आली. काचेचं मासे पाळायचं भांडं आलं, मासे नव्हते एवढंच नशीब. छत्र्या ठेवायची बरणी आली. आणि एका रविवारी होरिउचीबाईंच्या कैलासवासी नवऱ्याचं कारखान्यातलं पिवळं हेल्मेट आलं, उलटं, आत उकडलेली रताळी!

"आता जवळ आलो," अष्टमाया म्हणाली. "नवऱ्याच्या टोपीला हात घातलाय तिनं."

घरात पाय ठेवायला जागा राहिली नव्हती. रत्नमान किटली उशाला घेऊन झोपायचा.

मंगळवारी सकाळी बेल वाजली. दारात होरिउचीबाई. अर्ध्या झालेल्या, डोळे खोल गेलेले. आणि दोन्ही हातांवर, बाळासारखा, करुवा!

अष्टमायानं दाराची मूठ घट्ट धरली.

बाई हलक्या आवाजात बराच वेळ बोलल्या. सबिना ऐकता ऐकता लाल झाली, मग पांढरी झाली.

"काय म्हणते?"

"आमा… त्या म्हणतात, करुवा आला तेव्हा मला कळलं, तुमच्या देशात पदार्थ भांड्यासकट देतात. मग मी तरी भांडी कशी राखू? म्हणून मीही भांड्यासकट देत आले. गेले आठ दिवस मी बशीत चहा पितेय, झाकणात भात खातेय. आता हे एकच उरलं. इतकी मोलाची भेट परत आणली, रागावू नका. आणि आत घालायलाही घरात काही राहिलं नाही, म्हणून नळाचं पाणी आणलंय."

अष्टमायानं करुव्यात वाकून पाहिलं. काठोकाठ भरलेला. बाहेरून असा घासलेला की खुद्द सासूनं पाठ थोपटली असती. सकाळच्या पारी दारात भरला करुवा घेऊन आलेली बाई! तानसेनात असती तर हिला कुंकू लावून आत घेतलं असतं, आणि आपण? आपण हिला झाकणात भात खायला लावला.

"आत ये," ती सरळ तानसेनच्या बोलीत म्हणाली, आणि बाईंना हाताला धरून आत बसवलं. मग मान वर करून करुव्याची धार सोडली. इतक्या दिवसांनी पाणी पाण्यासारखं लागलं!

"आता तू," तिनं करुवा पुढे केला.

होरिउचीबाईंना नाही म्हणणं माहीतच नव्हतं. त्यांनी मान वर केली, करुवा तिरका केला, आणि धार थेट नाकात! बाई शिंकल्या, खोकल्या, चष्मा हेल्मेटात जाऊन पडला, गळ्यापासून कमरेपर्यंत पाणीच पाणी.

"सबिना! टॉवेल! अगं टॉवेल आण!"

कमरेची किल्ली उडाली, कपाट उघडलं, कागदात गुंडाळलेला टॉवेल होरिउचीबाईंच्या हातात पडला. बाईंनी तोंड पुसलं नाही. त्यांनी कागद पाहिला. त्यावर सबिनानं लिहिलेलं शाक्यांचं नाव वाचलं. त्यांचा चेहरा असा उजळला की विचारू नका! ओल्याचिंब बाई उठून उभ्या राहिल्या, कमरेतून वाकल्या आणि आनंदानं काहीतरी म्हणाल्या.

"आता काय?" अष्टमायानं विचारलं.

सबिना छताकडे बघत होती. "म्हणतात, वा! राहायला आलात होय? मला वाटायचं, तुमचं इथं राहायचं अजून नक्की नाही. तुमचं स्वागत असो."

करुव्याच्या तोटीतून एक थेंब टपकला.

बाई गेल्यावर अष्टमायानं घरभर नजर फिरवली. कटोरे, पातेली, किटली, मासे नसलेलं भांडं, हेल्मेट. सगळं आता परत जायला हवं होतं. आणि शाक्यांच्या घरातून…

"भांडी किती झाली गं?"

"एकतीस."

"पीठ?"

"चिमूटभर."

अष्टमायानं घसा खाकरला. सुनेकडे न बघता विचारलं, "ते टॉवेल… किती उरलेत?"

"नऊ, आमा."

अष्टमायानं करुवा मांडीवर घेतला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली,

"कात्री आण."