काटेसाहेबांनी तपासलेले दोन डबे

तिसरी फाईलही परत आली, तेव्हा काटेसाहेबांची बायको कॉम्प्युटरसमोर बसल्या जागी पांढरीफटक पडली. पडद्यावर टायपिंगचं काम देणाऱ्या कंपनीच्या मॅडमचं चार ओळींचं पत्र होतं. पाणीपुरवठा समितीच्या सभेच्या टिपणात अडुसष्ट ठिकाणी 'अस्पष्ट' असं लिहिलेलं आहे, रेकॉर्डिंग काही एवढं वाईट नाही, शनिवारची फाईल अशीच आली तर काम दुसऱ्या बाईंकडे द्यावं लागेल.

"अडुसष्ट!" ती म्हणाली. "अहो, एवढे 'अस्पष्ट' मी लिहिले कधी? मला तर दहाबाराच आठवतायत."

"आठवणीवर जाऊ नकोस," काटेसाहेब म्हणाले. "त्यांनी मोजलेत ना? मग मोजलेलं खरं."

काटेसाहेब वजनमापं तपासणाऱ्या खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक होते. ते बाजाराच्या एका टोकाला दिसले की दुसऱ्या टोकाचे दुकानदार पारड्याखाली चिकटवलेलं मेण खरवडायला लागत. नाव काही वेगळंच होतं, पण बाजाराने त्यांना काटेसाहेब केलं आणि पुढे घरीदारी तेच राहिलं. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही म्हणून त्यांनी बायकोचं काम तपासायला घेतलं. तिने सभांची रेकॉर्डिंगं ऐकून टाईप करायची, मग साहेबांनी मजकूर समोर ठेवून तेच रेकॉर्डिंग ऐकायचं, चुका काढायच्या आणि फाईल रवाना करायची. हे काम ते बिनपगारी करत आणि ते बिनपगारी आहे हे आठवड्यातून एकदा सांगत.

बायको बावीस वर्षं हे काम करत होती. त्या टेबलाशी बसली की ती कुणाची बायको नसे, कुणाची आई नसे, ती टायपिस्ट असे. आता ते टेबलच हातातून जाणार असं दिसत होतं.

"माझे कान गेले असतील का हो?" तिने हळूच विचारलं.

"काय?"

"कान! माझे कान गेले असतील का?"

"तू फार हळू बोलतेस," साहेब म्हणाले. हल्ली सगळेच लोक तोंडातल्या तोंडात बोलतात, असं त्यांचं निवृत्तीनंतर ठाम मत झालं होतं.

संध्याकाळी जावयाचा फोन आला. तो म्हणाला, "आई, कानांना काही झालेलं नाही. तुमचा हेडफोन चांगला आहे, पण कॉम्प्युटरच्या भोकातून आवाज मळका येतो. एक डबा मिळतो, डॅक-अँप म्हणतात. टेबलाच्या कोपऱ्यात मावतो. तो लावून बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी काटेसाहेब दुकानात हजर. दुकानदार पन्नाशीचा, गळ्यात हेडफोन अडकवलेला. त्याने काचेवर पाच डबे ओळीने मांडले. एखादा साबणाच्या वडीएवढा, एखादा जाडजूड पुस्तकाएवढा.

"हे करतात काय?" साहेबांनी विचारलं.

"दोन कामं, काका. कॉम्प्युटरकडे आवाज नसतो, नुसते आकडे असतात. डॅक त्या आकड्यांचा आवाज करतो. मग अँप त्या आवाजाला हेडफोन हलवण्याइतका जोर देतो."

"म्हणजे एक भाषांतर करणारा आणि एक ओरडणारा."

"ओरडणारा नका म्हणू हो, काका."

साहेबांनी एकेक डबा तळहातावर तोलला. सगळ्यांत जड होता तो अख्खा धातूचा. तो त्यांच्या मनात भरला. "वजनात खोट नाही," ते म्हणाले.

"पण तुम्हाला बोलणं ऐकायचंय ना? मग हा घ्या." दुकानदाराने प्लास्टिकचा हलका डबा पुढे सरकवला. "याच्यात शब्द सुटे ऐकू येतात. ऐका."

साहेबांनी दोन्ही ऐकले. मग पुन्हा ऐकले. "सारखेच आहेत."

दुकानदाराचा चेहरा कुणी चिमटा काढल्यासारखा झाला. "काका, काहीतरीच काय! एकदा नीट लक्ष देऊन..."

"तुम्ही विकणारे. फरक ऐकू येणं हा तुमचा धंदाच आहे."

शेवटी चार दिवसांच्या बोलीवर साहेब दोन्ही डबे घरी घेऊन आले. जड डबा घेण्यासाठी आणि हलका त्याच्याशी ताडून बघण्यासाठी.

तपासणी कशी करायची हे काही त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी बटणं आणि वायरी तेवढ्या उघड्या ठेवून दोन्ही डबे वर्तमानपत्रात गुंडाळले, एकावर 'अ' आणि दुसऱ्यावर 'ब' लिहिलं, आणि बायकोला भिंतीकडे तोंड करून बसवलं.

"हा अ. सांग."

"बरा आहे."

"हा ब."

बायको एकदम ताठ बसली. "अगं बाई! अहो, याच्यात खुर्ची सरकलेली ऐकू येते. तो दाढीवाला सभासद काहीतरी पुटपुटतो ना, तो चक्क पाईप गंजलेत म्हणतोय!"

"दाढी दिसली का तुला?"

"आवाजावरून कळते हो."

साहेबांनी डबे अकरा वेळा उलटेपालटे केले. ती अकराही वेळा 'ब'वर आली. मग साहेबांनी स्वतः ऐकलं. अ मध्ये माणसं हुं हुं करत होती. ब मध्येही माणसं हुं हुं करत होती. त्यांनी समोरच्या सिस्टरला बोलावलं. त्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या परिचारिका, कुणाच्या भिडेला न पडणाऱ्या. त्यांनी ब सांगितला. पत्र द्यायला आलेल्या पोस्टमनला साहेबांनी दारातच हेडफोन चढवला. त्यानेही ब सांगितला.

साहेबांना बाजारातले दिवस आठवले. चार दुकानदार एकसारखंच बोलायला लागले की समजावं, आधी बसून ठरवलंय.

"तुम्ही तिघं आपसात बोललात का?"

"पोस्टमनशी मी कशाला बोलू?" बायको म्हणाली. "तुमच्या तपासणीपायी माझा एक अख्खा दिवस गेला. उद्या शुक्रवार. फाईल अजून अर्धीच झालीय."

ती स्वयंपाकघरात गेली, पण साहेब काही उठले नाहीत. त्यांनी ब डबा पालथा करून पाहिला. मागे एक बारीक खटका होता, कमी जोर आणि जास्त जोर असा. तो कमीवर होता. त्यांनी जास्तवर केला. पुढचं बटणही बरंच फिरवलं. आता कुठे माणसं माणसांसारखी बोलायला लागली. साहेबांनी पाऊण तास समाधानाने ऐकलं आणि सगळं तसंच ठेवून ते जेवायला गेले.

शुक्रवारी सकाळी बायकोने हेडफोन चढवला, बोटं कळांवर ठेवली आणि पायाखालचं पॅडल दाबलं. पॅडल दाबलं की रेकॉर्डिंग चालतं, सोडलं की थांबतं. सभेच्या सुरुवातीला अध्यक्षांनी टेबलावर लाकडी हातोडा आपटला होता.

तो हातोडा तिच्या डोक्यात आपटला. ती किंचाळली. दचकून पाय वर घ्यायचा तो आणखी घट्ट रोवला गेला आणि अध्यक्ष बोलतच राहिले. हेडफोन काढायला गेली तर तो चष्म्याच्या काडीत अडकला. चष्मा उडाला, खुर्ची मागे गेली, वायरला हिसका बसून डबा टेबलावरून खाली आला, आणि त्याच्यामागोमाग ती.

सिस्टर समोरच्या घरातून धावत आल्या. त्यांनी दार ढकललं. बाहेरच्या खोलीत काटेसाहेब वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला.

"या सिस्टर. काय विशेष?"

"काय विशेष? अहो, आत बायको किंचाळतेय तुमची!"

साहेबांच्या हातातून पेपर गळाला. आत बायको जमिनीवर बसून दोन्ही कान धरून होती. फाटलेल्या कागदातून प्लास्टिकचा हलका डबा डोकावत होता.

"काही ऐकू येत नाहीय," ती मोठ्याने म्हणाली. "नुसतं कुंई कुंई येतंय. गेले हो माझे कान. आता खरंच गेले."

तासाभरात तिघंही कानाच्या डॉक्टरांसमोर बसले होते.

"आवाज किती होता?" डॉक्टरांनी विचारलं.

"बेताचाच," साहेब म्हणाले. "काल मी स्वतः तेवढ्याच आवाजात पाऊण तास ऐकलं."

"आज बाईंची किंकाळी माझ्या घरात ऐकू आली, डॉक्टर," सिस्टर म्हणाल्या. "दोन दारं बंद होती. साहेब बाहेरच्याच खोलीत होते, त्यांना ऐकू आली नाही."

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी साहेबांकडे एकदा नीट पाहिलं, पण आधी बायकोला तपासलं. "घाबरू नका. कुंई कुंई संध्याकाळपर्यंत जाईल. एरवी तुमचे कान उत्तम आहेत. या वयात असे कान मी क्वचित बघतो." मग ते साहेबांकडे वळले. "आता तुम्ही आत बसा."

"मी? मी सोबत आलोय."

"बसा हो."

काचेच्या खोलीत साहेबांना हेडफोन चढवला आणि हातात एक बटण दिलं. बीप ऐकू आला की दाबायचं. साहेब तयारीत बसले. सुरुवातीला चारपाच दाबून झाले, मग काहीच येईना. बराच वेळ वाट पाहून त्यांनी काचेवर टकटक केलं.

"पुढचं सुरू करा की."

तपासणाऱ्या बाईंनी दार उघडलं. "काका, संपलं. केव्हाच."

"यंत्र बिघडलंय तुमचं," साहेब उभे राहिले. "शेवटचं कधी तपासून घेतलंत? सील दाखवा."

बाईंनी निमूटपणे यंत्राची पाठ त्यांच्याकडे फिरवली. सील शाबूत होतं. शेजारच्या कागदावर दोन महिन्यांपूर्वीची तारीख होती, सही होती, शिक्का होता. साहेबांनी चष्मा पुसून कागद दोनदा वाचला. एकतीस वर्षांत त्यांनी शेकडो लोकांना बजावलं होतं की सील असलेल्या यंत्राशी वाद घालायचा नाही. ते मटकन खाली बसले.

"कोणीतरी बोलतंय एवढं तुम्हाला कळतं," डॉक्टर मोठ्याने, सावकाश म्हणाले. "पण स, श, फ, त अशी अक्षरं निसटतात. दोन-तीन वर्षं तरी होत असणार. कानात यंत्र लावायला लागेल."

बाहेरच्या बाकावर साहेब येऊन बसले. मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. इतका, की बायको स्वतःचे कान विसरली.

"अहो, काय होतंय?"

"अगं, ते 'अस्पष्ट'," साहेब म्हणाले. "तपासताना जे मला ऐकू यायचं नाही, ते तू अंदाजाने लिहिलंयस असं वाटायचं मला. अंदाज कागदावर कसा राहू द्यायचा? मी तो काढून 'अस्पष्ट' लिहायचो."

सिस्टरांनी कपाळाला हात लावला.

"म्हणजे अडुसष्टातले माझे फार तर अकरा," बायको म्हणाली, "आणि तुमचे सत्तावन्न? तीन फाईली? आणि मी इथे स्वतःच्या कानांसाठी रडतेय!"

"सिस्टर, फोन लावून द्या," साहेब म्हणाले. "त्या मॅडमना जबाब मीच देणार."

फोन लागला. स्पीकर चालू केला. साहेबांनी उभं राहून, खात्यात देत तसा, पूर्ण जबाब दिला. यंत्र, सील, डॉक्टर, सत्तावन्न, काही लपवलं नाही. पलीकडे मॅडम आधी थक्क झाल्या आणि मग मनापासून हसल्या. साहेबांना नुसती खरखर ऐकू आली.

"असं होय!" मॅडम म्हणाल्या. "बाईंना सांगा, फाईल सोमवारी दिली तरी चालेल. काम त्यांचंच आहे. आणि साहेब, एवढ्या काळजीने तपासणारं माणूस आमच्याकडेसुद्धा नाही हो."

फोन बंद झाला. साहेबांनी धास्तावून बायकोकडे पाहिलं.

"काय म्हणाल्या?"

बावीस वर्षांत तिने दुसऱ्याच्या बोलण्यात स्वतःचा एक शब्द कधी मिसळला नव्हता. सिस्टर तिच्याकडे बघत होत्या. तिने एकदा घसा साफ केला.

"म्हणाल्या, सोमवारी फाईल द्या," ती मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत म्हणाली. "आणि यापुढे तुमचा हात फाईलला लागलेला दिसला, तर काम त्याच दिवशी काढून घेऊ."

सिस्टर घाईघाईने खिडकीबाहेर बघायला लागल्या.

साहेबांचा आ वासला. "असं तोंडावर म्हणाल्या?"

"अगदी शब्दन् शब्द."

काटेसाहेब बाकावर टेकले. मग त्यांनी मान डोलावली.

"बाई कडक आहे," ते म्हणाले. "आमच्या खात्यात हवी होती."