उजव्या तर्जनीवरील लीजन

उजव्या तर्जनीच्या कडेला, नखाच्या जरा खाली, मोहरीएवढा एक उंचवटा होता. वरून खरखरीत, मध्ये सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके. दाबला तर किंचित दुखे. न दाबला तर त्याची कुणाविरुद्ध काही तक्रार नव्हती.

बोट शिवणताईंचं. लग्नाचे कपडे शिवणाऱ्या दुकानात त्या मशीनवर बसत. उंचवटा रेशमात अडकू लागला, तेव्हा मालकीणबाई म्हणाल्या, "हे काय आहे ते डॉक्टरांना विचारून या, मग खुशाल बसा मशीनवर."

विचारून यायचं, एवढंच काम होतं.

हॉस्पिटलातल्या तरुण डॉक्टरांना ते काय आहे हे बघताक्षणी कळलं. पण ते तोंडाने सांगणं म्हणजे निदान, आणि निदान चुकू शकतं. 'लीजन' मात्र कधीच चुकत नाही. रोगाने किंवा इजेने शरीरात कुठेही झालेला कुठलाही बदल म्हणजे लीजन. त्यात फोड मावतो, पुरळ मावतं, आतड्यातला व्रण मावतो, मेंदूतली गाठही मावते. इतका ऐसपैस शब्द सोडून कोण अरुंद शब्दात शिरेल?

"लीजन आहे," डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे काय?"

"म्हणजे तिथे त्वचेत बदल झालाय."

"ते मलाही दिसतंय हो. म्हणून तर आले."

"वा. म्हणजे तुमचं-आमचं एकमत आहे," डॉक्टर समाधानाने म्हणाले, आणि त्यांनी शिवणताईंना त्वचाविभागात पाठवलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी भिंगातून पाहिलं. त्यांनाही कळलं. त्या अधिक शिकलेल्या असल्यामुळे त्यांनी 'एकल, सुस्पष्ट कडांचं, खरखरीत लीजन' असं सांगितलं.

दुकानात हे ऐकून मालकीणबाईंनी हातातली कात्री खाली ठेवली.

"दुसऱ्याला लागतं का हे?"

"तसं कुणी म्हणालं नाही."

"लागत नाही, असं म्हणाले?"

"तसंही नाही."

"मग थोडे दिवस नुसती अस्तरं शिवा."

अस्तरही शेवटी अंगालाच लागतं, हे एका गिऱ्हाइकाने लक्षात आणून दिलं. शिवणताई बटणं निवडू लागल्या. बटणंही बोटांनीच लावायची असतात, हे दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या ध्यानात आलं. शिवणताई घरी बसल्या.

घरी नणंद इंटरनेटवर सगळं वाचून आलीच होती. तिने वाचायला मेंदूपासून सुरुवात केली होती.

"वहिनी, डोकं दुखतं का तुमचं?"

"तुम्ही आल्यापासून जरा दुखतंय."

"ऐकलंस दादा? लक्षणं सुरू झाली."

यजमानांनी मान हलवली. ऑफिसात आजवर त्यांना कुणी काही विचारत नसे. आता ते खालच्या आवाजात "घरी लीजन आहे" म्हणत, आणि लोक उठून त्यांना खुर्ची देत. घरात फळं इतकी साठली, की ती नासण्याआधी भेटायला येणाऱ्यांनाच खायला घालावी लागत.

शिवणताई मात्र हॉस्पिटलात खेटे घालत राहिल्या. "डॉक्टर, एका शब्दात सांगा ना काय आहे ते. मशीन बंद पडलंय माझं."

"एका शब्दातच सांगितलंय," तरुण डॉक्टर म्हणाले. त्यांचंही खोटं नव्हतं.

शेवटी प्रकरण तज्ज्ञांच्या समितीपुढे गेलं. सर्जन ते कापायला तयार होते. पण कापल्यावर काय कापलं ते सांगावं लागेल, म्हणून थांबले. प्रमुख डॉक्टर 'लवकर निदानाचं महत्त्व' या विषयावर भाषण द्यायला परगावी गेले होते, म्हणून बैठक पुढे ढकलली गेली. मग आणखी पुढे.

अशा गोष्टी पुष्कळदा आपोआप जातात. शरीराला समितीची मंजुरी लागत नाही. बैठक भरली तेव्हा शिवणताईंचं बोट स्वच्छ होतं.

तज्ज्ञांनी ते आळीपाळीने पाहिलं. खोलीतला ताण एकदम सैल झाला. जे आता नव्हतं, त्याचं नाव घेण्यात कसलाही धोका नव्हता.

"चामखीळ होती, ताई," प्रमुख डॉक्टर प्रसन्नपणे म्हणाले. "साधी चामखीळ. उद्यापासून कामाला जा."

यजमानांचा चेहरा उतरला. "नुसती चामखीळ?"

"नुसती."

चामखीळ हा शब्द शिवणताईंना लहानपणापासून येत होता. भिंगं, विशेषणं, समिती, एवढं सगळं होऊन हाती यावा, तो हा शब्द?

बाहेरच्या बाकावर नणंद वाट पाहत होती. तिला सगळं सांगून झाल्यावर यजमानांनी विचारलं, "मग? उद्या जातेस का दुकानात?"

शिवणताईंनी बोट उजेडात धरलं, उलटसुलट करून पाहिलं.

"दुकानाचं नंतर बघू," त्या म्हणाल्या. "आधी दुसऱ्या मोठ्या हॉस्पिटलात दाखवू. अहो, आपल्याला समजेल असं बोलतो, तो कसला डॉक्टर?"