बोकडाची साखर

दारूबंदीच्या दिवसांत आमच्या मालवणात काजूची दारू चोरून पिणारे पुष्कळ होते; तिच्यात बोकडाचा गुर्दा धुणारे एकटे भाईच.

भाई माझे शेजारी. मुंबईला एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत उमेदीची वर्षं काढून गावी परतलेले. खाटकाकडे लोक मांडीचं मटण मागत, भाई म्हणत, "माका गुर्दो दी." त्यांना मूत्रपिंडच हवं असे. घरी आणून तो चिरायचा, पुन्हा गाळून कडक केलेल्या दारूत भिजत घालायचा, मग ती दारू बशीत वाळवायची. तळाला उरलेला चिकट थर ते मला कौतुकाने दाखवत. "ही बघ साकरेची चरबी! बोकडाच्या मासाक चिकटलेली साकर हिच्यात उतारता."

परदेशात माणसाला माकडाचं मूत्रपिंड बसवल्याचं त्यांनी पेपरात वाचलं होतं. ते टिकलं नाही, हेही वाचलं होतं. "शरीर म्हंजे आपलो गाव रे," ते सांगत. "नवो माणूस दिसलो की इचारतला, तू खंयचो? कोणाचो? बोकडाची वळाख ह्या साकरेत आसा. ती धुवन काढली, की कोण वळाखतलो?"

एकदा पोलीस जमादार वास काढत आला. भाईंनी बरणीच पुढे केली. आतला गुर्दा पाहून पंचनामा राहिला बाजूला, गडी माडाच्या बुंध्याशी ओकत बसला. आळीभर हसू झालं.

पण आतल्या खोलीत वयनी होत्या, भाईंची बायको. दोन्ही मूत्रपिंडं निकामी, पाय सुजून खांब झालेले. मुंबईच्या डॉक्टरांनी 'घरी न्या' म्हणून सांगितलं होतं.

दिवाळीच्या सुमारास वयनींनी पेज घेणंही सोडलं. त्या संध्याकाळीही भाई मागच्या पडवीत बरणी घेऊन बसलेले. मला रागच आला.

"भाई, ठेवा ती बरणी. वयनींजवळ जावन बसा."

"दारूत घातल्यार गुर्दो मरताच रे," ते खाली बघत म्हणाले. "माका पयल्या दिवसापासून ठावक आसा."

"मग ह्या कशाक?"

"तिका खिडकीतसून दिसता. मी कायतरी करतंय, असा तिका दिसाक व्हया."

मी आत गेलो. वयनींनी खुणेनं जवळ बोलावलं.

"भावजी, ह्या काय होवचा नाय, माका कळता. पण त्येंका सांगू नकात. काम थांबला तर रडत बसतले."

बाहेर आलो. भाईंनी विचारलं, "काय म्हणता ती?"

"इचारतत, कधी होतला?"

भाईंनी घाईघाईने सुरी उचलली.